गाडी एक रात्र गॅरेजमध्ये झोपू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीत गाडी सुरू होत नसेल तर काय करावं, याची चौकट वाचली. बॅटरी बघा, प्लग बदला, पेट्रोलचा फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करून घ्या, आणि गाडी जास्तच जुनी असेल तर नव्या गाडीचा विचार करा. यातली एकही सूचना चुकीची नाही. तरी ती वाचून मला जरा राग आला, कारण त्या चौकटीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू मी पैसे मोजून बदलून घेतली होती आणि गाडी सकाळी सुरू होत नव्हती ती नव्हतीच. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापाकापी करावी लागली तर अवश्य करा, फक्त वहीचा भाग तेवढा ठेवा.

मी लासलगावचा, निफाड तालुक्यातला. आमच्या तालुक्याचं नाव आपल्या पेपरात वर्षातून दोनदा येतं, एकदा कांद्याचे भाव पडले की आणि एकदा थंडी पडली की. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहाच्या खाली उतरला की बातमी ठरलेली. द्राक्षवाले पहाटे बागेला पाणी सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवतात. त्याच वेळी आमच्या अंगणात माझी बायको गाडीला सेल्फ मारत असते. ती माध्यमिक शाळेत शिकवते, सकाळचं सत्र, शाळा विंचूरला. सहा चाळीसला घरातून निघाली नाही तर परिपाठ चुकतो.

गाडी मारुती ८००, २००४ ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मेहुण्याकडून घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती, आता एकवीस पूर्ण झाली. पंधरा वर्षांनी पासिंग करून, पर्यावरण कर भरून आरसी वाढवून घेतली, पाच वर्षांनी पुन्हा. कंपनीने ही गाडी २०१४ च्या जानेवारीत बंद केली, पण तिचे पार्ट आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि मला ती कळते. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही असं नाही. गरज वाटत नाही.

आजार असा होता. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन जोरात फिरायचं, पण पकडायचं नाही. सात-आठ सेल्फ झाले की एकदाचं पकडायचं आणि मग दम्याच्या पेशंटसारखं धापा टाकत चालायचं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बंद. तीन सिलिंडरचं इंजिन जात्याच थोडं थरथरतं, ते धरायचं नसतं. पण इथे आरसा एवढा हलायचा की मागचं फाटक दोन-दोन दिसायचं. चार-पाच मिनिटं रेस देत बसलं की हळूहळू शहाणं व्हायचं आणि मग दिवसभर काही तक्रार नाही.

पहिल्या हिवाळ्यात गाडी चारदा गॅरेजला नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. दर वेळी एकच प्रकार. मी साडेदहाला गाडी घेऊन पोचायचो, पोरगा बॉनेट उघडायचा, किल्ली फिरवायचा आणि गाडी एका सेल्फात चालू! "काका, गाडी तर मख्खन आहे." मख्खन असणारच, मी ती तीन किलोमीटर चालवत आणली होती ना. मग मी सकाळचं वर्णन करायचो आणि वर्णन ऐकून तो एक वस्तू बदलायचा. आधी प्लग आणि प्लगच्या वायरी, १,५५० रुपये. मग बॅटरी, ४,२००. मग टाकीतला पंप, ३,९०० आणि इंजेक्टर साफ करायचे १,२००. शेवटी पाण्याचा तापमान सेन्सर, ६५०. मजुरी धरून तेरा हजारांच्या वर गेले. प्रत्येक वस्तू बदलली की दोन-तीन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी मोठ्या मेकॅनिकने सांगितलं, "काका, आता ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर तेवढा राहिलाय, तो जुना मिळेल पण गॅरंटी नाही. नाहीतर गाडी काढून टाका."

मी टेलिफोन खात्यातला. १९८७ ला लागलो, २०२० च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेहतीस वर्षं फॉल्ट काढले. आमच्याकडे एखाद्याचा फोन खरखरतो म्हणून त्याला आधी नवा फोन, मग नवी वायर, मग नवा खांब असं कोणी दिलं असतं तर साहेबांनी घरी बसवलं असतं. आधी मोजायचं, फॉल्ट एक्स्चेंजच्या बाजूला आहे की ग्राहकाच्या हे ठरवायचं, मग हातोडी-पकड उचलायची. हे सगळं मला येत होतं आणि तरी मी तेरा हजार रुपये देऊन मोकळा झालो, कारण गाडी म्हटलं की आपल्याला वाटतं हा वेगळाच धंदा आहे. ही चूक माझी, गॅरेजवाल्याची नव्हे.

आता वहीचा भाग.

सौभाग्यवतींना हजेरीची सवय. शाळेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर त्या रोज सकाळी दोन ओळी लिहायच्या: तारीख, किती सेल्फ लागले, हवा कशी. मला ठाऊकही नव्हतं. ईसीएमचं ऐकून मी वैतागून बसलो होतो तेव्हा त्यांनी डायरी पुढ्यात टाकली. "तुम्ही सगळे थंडी थंडी करताय, पण हे बघा. परवा सर्वात जास्त गारठा होता, अंगणातल्या बादलीत हात घालवत नव्हता, आणि गाडी दुसऱ्या सेल्फात चालू झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात थंडी कमी होती पण काच पुसून पुसून हात दुखला, तेव्हा अकरा सेल्फ. गाडी थंडीने नाही, दवाने अडते."

मी पानं उलटून पाहिली. बरोबर होतं. कोरड्या गारठ्याच्या दिवशी दोन, तीन. दवाच्या, धुक्याच्या दिवशी आठ, दहा, अकरा. रविवारी दुपारी भाजी आणायला काढली, एक. अवकाळीची भुरभुर झाली त्या दुपारी, एक, कारण गाडी सकाळी फिरून आलेली होती.

आमच्या धंद्यात या आजाराला नाव आहे, लो इन्सुलेशन. केबलच्या जॉइंटमध्ये ओल शिरली की जोडीच्या दोन तारांमध्ये करंट गळायला लागतो. दुपारी ऊन पडलं की जॉइंट सुकतो, ग्राहक म्हणतो फोन चांगला आहे, आपण फॉल्ट बंद करतो, आणि रात्री पुन्हा खरखर. किती तरी वेळा मी पहाटे पाचला पिलरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या केबलच्या पेटीवर, जाऊन असा फॉल्ट पकडलाय. तो दुपारी सापडतच नाही.

तेव्हा दवाची एक पहाट गाठून मी सव्वापाचला मीटर आणि बॅटरीचा दिवा घेऊन बॉनेट उघडलं. जुनी गाडी असलेल्या कोणाही वाचकाला शंभर-पाचशेच्या डिजिटल मीटरवर हे करता येईल, म्हणून क्रमाने सांगतो.

बॅटरीवर १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.१. चांगली तब्येत, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर किंवा तिच्या जोडण्यांवर संशय घेतला असता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला लावला. हे बहुतेक गॅरेजांत कोणी करत नाही. अर्थची पट्टी गंजली असेल तर इथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात. माझ्याकडे ०.१५, म्हणजे ठीक. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद 'ऊंऽऽ' आवाज आला, तोही ठीक.

मग सहा सेल्फ मारून, गाडी पकडली नाही त्याच क्षणी, मधला प्लग काढला. तो कोरडा होता. नाकाशी धरला तर पेट्रोलचा वास जेमतेम. ही खूण महत्त्वाची. प्लग पेट्रोलने भिजलेला निघाला तर पेट्रोल येतंय पण ठिणगी पडत नाही, किंवा पेट्रोल जास्त होतंय. कोरडा निघाला तर पेट्रोल कमी पडतंय. जुन्या पिढीतले आम्ही लोक कार्ब्युरेटरच्या सवयीने सेल्फच्या आधी चार वेळा ॲक्सिलरेटर दाबतो. एमपीएफआयमध्ये त्याने काडीचा फायदा होत नाही, उलट बऱ्याच गाड्यांत पूर्ण दाबून सेल्फ मारला तर कॉम्प्युटर समजतो की पेट्रोल जास्त झालंय आणि तो पेट्रोल तोडतो. माझे वडीलधारे मित्र अजून ऐकत नाहीत.

पेट्रोल कमी का पडावं? इंजिन गार असतं तेव्हा पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, गार भिंतींना चिकटून बसतं. म्हणून गार इंजिनला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. पूर्वी ते आपण चोक ओढून द्यायचो. आता इंजिनच्या पाण्यात बसवलेला एक बोटभर सेन्सर कॉम्प्युटरला पाण्याचं तापमान कळवतो आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. हा सेन्सर म्हणजे दोन तारांचा साधा रेझिस्टन्स. गार असताना रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. २० अंशांना साधारण अडीच किलो-ओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास.

हाच सेन्सर गॅरेजने नवा टाकला होता. कनेक्टर काढून मोजला तर ३.९ किलो-ओहम. त्या पहाटे अंगणात ९ अंश होते, म्हणजे सेन्सर अगदी खरं बोलत होता. पण मी कनेक्टरकडे पाहिलं आणि मला आमचा जॉइंट दिसला. रबरी सील चिरलेलं, आत हिरवट बुरशीसारखं तांब्याचं गंजणं, आणि दिव्याच्या उजेडात दोन पिनांच्या मधे चमकणारी ओल. वरच्या पाइपची क्लिप सैल होती, तिथून वर्षभर थेंबथेंब पाणी झिरपून त्याचा पांढरा क्षार खाली कनेक्टरवर जमला होता. शिवाय दर सर्व्हिसिंगला आम्ही हौसेने इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून घेतो ते वेगळंच.

आता आमची खात्यातली रीत: दोन्ही टोकं मोकळी करायची आणि मधली जोडी मोजायची. बॅटरीची निगेटिव्ह काढली, डॅशबोर्डखाली वाकून, मान अवघडवून, ईसीएमचा कनेक्टर सोडवला. एका टोकाला सेन्सर नाही, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर नाही, तेव्हा या दोन तारांमध्ये मीटरने काहीच दाखवायला नको. मीटरने १.८ किलो-ओहम दाखवले. किंचित खालीवर हलत होते, ओलीचा आकडा कधी स्थिर नसतो.

मी तिथेच, गार फरशीवर बसून, सिगारेटच्या पाकिटावर करायचो तसा हिशेब पेट्रोलच्या पावतीवर केला (सिगारेट सोडून बारा वर्षं झाली). सेन्सरचे ३.९ आणि त्याला समांतर गळतीचे १.८, मिळून कॉम्प्युटरला दिसतात १.२३. म्हणजे ९ अंशांच्या इंजिनला कॉम्प्युटर अडतीस-चाळीस अंशांचं समजत होता आणि दुपारच्या गाडीला देतात तेवढंच पेट्रोल पहाटेच्या गाडीला देत होता! इंजिन तापेल तसा सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स एवढा कमी होतो की गळतीचा परिणाम उरतच नाही. ८० अंशांना जेमतेम पाच-सहा अंशांची चूक पडते. म्हणून गाडी तापली की शहाणी. म्हणूनच डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवाही लागला नाही, कारण चाळीस अंश हा आकडा काही अशक्य नाही, कॉम्प्युटरला त्यात खोटं काही दिसणार नाही. दुपारी दोनला, ऊन खाल्ल्यावर, तीच जोडी पुन्हा मोजली. साठ किलो-ओहमच्या वर. गॅरेजच्या वेळेत हा फॉल्ट अस्तित्वातच नव्हता.

भंगारच्या दुकानातून दुसऱ्या ८०० चा वायरसकट चांगला कनेक्टर १२० रुपयांना आणला, जोड डाग देऊन, स्लीव्ह चढवून घेतला, पाइपची क्लिप बदलली. दुसऱ्या दिवशी दव होतं. एका सेल्फात पकडली.

पण थरथर पूर्ण गेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. सुरू लगेच व्हायची, मात्र विंचूर येईपर्यंत आयडलिंगला थोडी अडखळायची आणि तापमानाचा काटा मध्यावर यायलाच तयार नसायचा. यातलं पाप जुनं होतं. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कसारा घाटात गाडी तापली तेव्हा रस्त्यावरच्या एका कारागिराने थर्मोस्टॅट वॉल्व, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून धरणारी झडप, काढून फेकून दिला होता. "पाणी मोकळं फिरू दे, पुन्हा कधी तापणार नाही." आपल्याकडे जुन्या गाड्यांत हे सर्रास करतात आणि मीही मान डोलावली होती. परिणाम असा की हिवाळ्यात इंजिन तापतच नाही. रेडिएटरचं गार पाणी पहिल्या मिनिटापासून इंजिनात फिरतं, कॉम्प्युटर आपला वॉर्म-अपचं जादा पेट्रोल ओतत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज पडतो. ओळखायला मीटरही लागत नाही. गार गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवायचा (फॅनपासून बोटं सांभाळून). वॉल्व शाबूत असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. माझा पाइप पहिल्यापासूनच कोमट.

नवा वॉल्व आणला तो बसवण्याआधी तपासला. चहाच्या पातेल्यात पाणी, वॉल्व दोऱ्याला टांगून मधोमध सोडलेला, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि बायकोच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक. ऐंशीपर्यंत काही नाही, ब्याऐंशीच्या आसपास पितळी टिकली किंचित उचलली आणि पाणी उकळायच्या आधी पूर्ण उघडली. पातेलं पुन्हा चहाला वापरायचं नाही असा हुकूम निघाला, ते आता गाडीच्या सामानात जमा आहे. वॉल्व बसवला, बोअरचं पाणी काढून कूलंट भरलं. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानेच तर कनेक्टरची ती अवस्था केली होती.

आमच्या पारावर मात्र या सगळ्याचं कारण आधीच ठरलेलं होतं: पेट्रोलमधलं इथेनॉल. २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं तेव्हापासून टायर पंक्चर झालं तरी इथेनॉलच. मी त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९ च. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या जवळ येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. इंजिन तापल्यावर धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर हे आपोआप सांभाळून घेतो, पण पहाटेच्या पहिल्या मिनिटांत तो सेन्सरही गार असतो आणि कॉम्प्युटर ठरलेल्या मापानेच ओततो. त्यात इथेनॉलची वाफ गारठ्यात व्हायला जड. तेव्हा माझ्या उपाशी गाडीला इथेनॉलने आणखी उपाशी ठेवलं असणार, हे खरं. २००४ च्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइपही या मिश्रणासाठी बनलेले नाहीत, ते मी बदलून घेतले, तुम्हीही घ्या. पण कनेक्टर दुरुस्त झाल्यावर त्याच पंपाच्या त्याच पेट्रोलवर गाडी एका सेल्फात चालू होते, याचं उत्तर पारावर अजून कोणी दिलेलं नाही.

तापलेल्या गाडीचीही थरथर राहत असेल तर तो वेगळा शोध आहे. तिथे बहुधा थ्रॉटलच्या तोंडाशी जमलेला काळा कार्बन निघतो, नाहीतर इनटेकला जोडलेली एखादी करंगळीएवढी व्हॅक्यूमची नळी तडकून हवा ओढत असते. शांत जागी बॉनेट उघडून कान दिला तर बारीक शिट्टी ऐकू येते. माझ्या शेजाऱ्याच्या झेन गाडीत वीस रुपयांची नळी निघाली. त्यांनी त्याआधी इंजिनचे माउंटिंग बदलले होते.

आता गॅरेजवाल्यांबद्दल. हा विषय मी त्या मोठ्या मेकॅनिककडे नेला, भांडायला नव्हे, पेढे घेऊन. त्याने हिशेब नीट ऐकला, मग म्हणाला, "काका, तुम्ही पहाटे दोन तास दिलेत. मी दोन तास शोधलं आणि शंभर रुपयांची वायर जोडली तर गिऱ्हाईक मला शंभर आणि वर पन्नास देणार. पंप बदलला तर काही बोलत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, त्याने पहिल्याच दिवशी 'नुसतं तपासायचे आठशे रुपये' म्हटलं असतं तर मी गाडी वळवून दुसरीकडे गेलो असतो. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही, मग आपल्याला वस्तूच मिळतात.

म्हणून आपल्या वाचकांना माझी विनंती एवढीच. गाडीचा आजार सकाळचा असेल तर ती दुपारी चालवत नेऊन दाखवू नका. संध्याकाळी नेऊन ठेवा, रात्रभर तिथेच उघड्यावर झोपू द्या आणि मेकॅनिकला सांगा, सकाळी पहिला सेल्फ तुम्ही मारायचा, मी नाही. जमलं तर त्या वेळी स्वतः हजर राहा. तपासणीचे पैसे आधी ठरवा आणि द्या. एखादा पार्ट बदलायचा म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: काय मोजलंत? आकडा सांगितला तर खुशाल बदलू द्या. काढलेला पार्ट मागून घ्या. माझा जुना पंप घरी आहे, परवा बारा व्होल्टवर लावून बघितला, ठणठणीत चालतो. आणि घरात कोणी रोज गाडी चालवत असेल तर त्या माणसाला विचारा, त्याने काय पाहिलंय. मी सहा महिने मेकॅनिकला विचारत होतो, आणि उत्तर माझ्याच घरात डायरीच्या मागच्या पानावर होतं.

आपल्या चौकटीला माझी हरकत फक्त शेवटच्या ओळीला आहे. जुनी गाडी काढायची की ठेवायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण १२० रुपयांच्या कनेक्टरपायी ती भंगारात जाऊ नये.

डायरी अजून चालू आहे. काल दाट धुकं होतं, नोंद अशी: 'सहा अडतीस, एक सेल्फ. ब्रेक दाबला की डावीकडून कर्कश आवाज.' तो रविवारी बघतो.

आपला,
एक निवृत्त टेलिफोनवाला
लासलगाव, ता. निफाड, जि. नाशिक